चौदाशे सालातला माणूस

मिरची न खाणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. आजारपण असेल, मूळव्याध असेल, तर गोष्ट वेगळी. पण धडधाकट माणूस, पुण्याचा, आणि ताटात मिरची दिसली की ताट सरकवून म्हणतो, "हे नंतरचं आहे." नंतरचं म्हणजे चौदाशे सालानंतरचं. तोपर्यंत जगात जे होतं ते खरं, पुढचं सगळं बिघडलेलं, असं त्याचं म्हणणं होतं. मिरची कोलंबसाच्या भानगडीतून आली. बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, साबुदाणा, काजू, पेरू, सगळं तिकडूनच आलं. म्हणून हा त्यातलं काही खात नव्हता. आणि राहत होता कुठं, तर अमेरिकेत, कोलंबस नावाच्याच शहराला चिकटलेल्या डब्लिनमध्ये, जिथं घरं संपली की मक्याचीच शेतं लागतात.

मी त्याला एकदा विचारलं होतं की बाबा, तू ज्या मोटारीतून हिंडतोस ती कुठल्या राजाच्या तबेल्यातली? तो शांतपणे म्हणाला, "गाडी मी खात नाही, काका."

माझी कराडजवळ पिठाची गिरणी होती. शाळा चौथीपर्यंत. चाळीस वर्षं लोकांचं दळण दळलं, मुलाला इंजिनीअर केलं आणि म्हातारपणी बायकोला घेऊन त्याच्या घरी इथं आलो. माणसं ओळखायला मी गिरणीवर शिकलो. दळण टाकताना माणूस डबा कसा ठेवतो त्यावरून तो कसा आहे ते कळतं. याचा डबा मला कळला नाही. मला वाटलं, रिकामा असेल.

तो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटा राहायचा. वय अठ्ठावन्न, अंगानं काठी, डोक्याला उन्हाळ्यातसुद्धा हिरवी लोकरीची टोपी. काम म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं. मुलानं मला समजावून सांगितलं होतं की कंपनीतली पोरं कॉम्प्युटरवर जे बनवतात त्यात हा घरी बसून खोट काढतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. मी म्हटलं, त्यासाठी सातासमुद्रापलीकडं कशाला यायचं, पुण्यात ते काम लोक फुकट करतात. त्याला बायको होती, ती सोडून गेली होती. मी म्हणालो, ती नंतरची निघाली असेल. हे मी माझ्या बायकोसमोर बोललो. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता त्याच्या वाद्याचं सांगतो. एक लाकडी पेटी, मांडीवर घ्यायची, पट्ट्यानं कमरेला बांधायची. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, की आतलं लाकडाचं चाक फिरतं आणि तारांना घासतं. तारा कसल्या, तर बकऱ्याच्या आतड्याच्या. डाव्या हातानं लाकडी खुंट्या दाबायच्या. त्याचं फ्रेंच नाव मला कधी उच्चारता आलं नाही, मी गिरणीच म्हणायचो. माझ्या गिरणीचा पट्टा ओला होऊन घसरायला लागला की अगदी असा आवाज यायचा आणि मी हातातलं टाकून मोटार बंद करायला धावायचो. हा माणूस तो आवाज काढायला अकरा वर्षं शिकला होता. पाटावर बसून एकटा शिकला होता, कारण खुर्चीबद्दल त्याला शंका होती.

मराठी मंडळानं एका गणपतीत त्याला वीस मिनिटं दिली. कुणी दिली, का दिली, ते त्या गणपतीला माहीत. शाळेचा हॉल भरलेला, पोरं पळतायत, मागं जेवणाची रांग लागलेली. माइक लावायला आलेल्याला यानं हातानं बाजूला केलं. माइक नंतरचा. मग पंधरा मिनिटं तो सूर जुळवत बसला. कान तारेला लावायचा, खुंटी पिळायची, चाक एकदा फिरवायचं, परत कान. शेवटी पाच मिनिटं वाजवलं. पहिल्या रांगेच्या मागं कुणाला ऐकूच गेलं नाही, आणि पहिल्या रांगेला वाटलं की हा अजून जुळवतोच आहे. तो थांबल्यावर निवेदन करणारी मुलगी पुढं आली आणि अदबीनं म्हणाली की काका, आता सुरू करताय ना? तो म्हणाला, "झालं." सगळ्या हॉलमध्ये एकटी टाळी वाजली, ती माझ्या बायकोची. मला मान खाली घालून चपला शोधाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी हा दारात हजर. मला वाटलं, टाळीचे आभार मानायला आला. तो आला होता कापूस मागायला. आरतीच्या आधी माझी बायको हॉलच्या कोपऱ्यात वाती वळत बसली होती, ते यानं स्टेजवरून पाहिलं होतं. तारेला जिथं चाक घासतं तिथं कापूस गुंडाळावा लागतो, नाहीतर तार किंचाळते. आणि इथल्या औषधाच्या दुकानातला कापूस भुसभुशीत, त्याचा पीळ बसत नाही. हे सगळं त्यानं उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं. बायकोनं गावाकडून देवकापसाच्या पुड्या आणल्या होत्या. तिनं त्यातला चिमूटभर घेतला, बोटानं लांबवला, आणि वात वळावी तसा त्या तारेभोवती स्वतःच्या हातानं वळून दिला. मग त्यानं दांडा फिरवला. किंचाळणं कमी झालं, हे मी कबूल करतो. मी म्हटलं, देवाचा कापूस आता आतड्यांना गुंडाळा.

पण तिला तो आवडला. का आवडला ते मला तेव्हाही कळलं नाही. मी खुळं म्हणालो की ती म्हणायची, खुळं नाही हो, एकटं आहे. दर पंधरवड्याला तो कापसाला यायचा आणि ती त्याला जेवायला बसवायची. मुगाची आमटी, त्यात मिरी आणि आलं, भाजी दुधीची किंवा पालेभाजी, तूप चालायचं. शेंगदाण्याचं कूट नाही, मिरची नाही. मिरची नसलेला स्वयंपाक माझ्या घरात पहिल्यांदा त्याच्यासाठी झाला. पुढं तो तिच्यासाठीच व्हायला लागला.

पोटाचा कॅन्सर निघाला. दोनदा औषध चढवलं, मग तीच म्हणाली की पुरे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मुलानं खालच्या खोलीत दवाखान्याची खाट मागवली, बटण दाबलं की डोकं वर होणारी. मुलगा-सून कामावर जायचे, नात शाळेत. नर्स आठवड्यातून दोनदा यायची. राहिलो मी. खुर्ची खाटेजवळ ओढायची आणि तिच्याकडं बघत बसायचं. दुसरं काय करणार? गिरणी नव्हती, बसायला गावातला कट्टा नव्हता. मी सकाळपासून तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. ती डोळे मिटायची तरी बघायचो, जास्तच बघायचो.

सप्टेंबरात एक दिवस मी मुलाबरोबर तिची औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर हा तिच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसलेला, मांडीवर गिरणी. म्हणाला, काकूंना एक गोष्ट सांगणार आहे, वाद्यावर, दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत. गोष्ट त्याच्या लाडक्या काळातली. फ्रान्सच्या कुठल्याशा जुन्या ग्रंथालयात बकरीच्या कातड्यावर लिहिलेली पानं होती, त्यांचे फोटो मागवून यानं वर्षानुवर्षं त्यांचा अर्थ लावला होता आणि ती मराठीत आणली होती. कुणासाठी मराठीत आणली होती देव जाणे. मंडळ तर त्याला पुन्हा बोलावणार नव्हतं.

गोष्ट अशी. एक सरदार लढाईवरून घरी निघतो. वाटेत सात नद्या. प्रत्येक नदीवर नावाडी एकच, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तोच पुढं जाऊन बसलेला. तो भाडं घेत नाही. म्हणतो, एक गोष्ट सांग, मग पलीकडं सोडतो. सरदार गोष्ट सांगतो, पलीकडं जातो, पुढच्या नदीवर परत तोच. मी पहिल्याच दिवशी म्हणालो की सात नद्यांवर एकही पूल नाही म्हणजे तो राजा काय कामाचा. याला राग आला नाही. घोडा चालायला लागला की एक धून, नदी आली की दुसरी, नावाडी बोलायला लागला की चाक अगदी सावकाश फिरवून एकच घुमणारा सूर. आठ दिवसांत मला त्या धुनी पाठ झाल्या. न होऊन सांगतायत कुणाला, खोली दहा बाय बारा.

आणि हुंकार. श्रावणात आमच्याकडं कहाणी सांगतात तेव्हा ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर सांगणारा भिंतीला सांगतोय असं होतं आणि कहाणीचं फळ मिळत नाही, असं ती मानायची. पहिले आठ-दहा दिवस तीच हूं म्हणायची. मग तिला दम पुरेना. तिनं माझ्याकडं बघून सांगितलं, माझ्या वतीनं तुम्ही म्हणा. आता सरदार चालला नदीकडं आणि मी म्हणतोय हूं. नावाडी म्हणतो गोष्ट सांग, हूं. मी हूं विसरलो की तो थांबायचा आणि नुसता चाक फिरवत राहायचा, मला हूं म्हणेपर्यंत. हट्टी म्हणजे किती.

एका नदीला तो आठवडा-दीड आठवडा घ्यायचा. गोष्टीच्या पोटात गोष्ट. ऐन रंगात आला की पेटीचं झाकण लावायचा आणि उठायचा. पुढं काय ते सांगायचा नाही. त्या काळी असंच थांबायचे म्हणे. मी कितीदा आतून तडफडलो. मंगळवार गेला की शुक्रवारपर्यंत मी विचार करायचो की त्या नावाड्याला आता कोणती गोष्ट देणार. हे मी त्याला कळू दिलं नाही. बायकोला मात्र विचारायचो, तुला काय वाटतं गं? ती म्हणायची, बघू की शुक्रवारी.

ऑक्टोबर संपता संपता नर्सनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता थोडे दिवस. त्या शुक्रवारी मी त्याला दारात गाठलं. मी म्हटलं, बाबा रे, आता पाल्हाळ नको, दोन बैठकींत उरकून टाक. तिला शेवट ऐकू दे. मी आयुष्यात गिरणीवर उधार मागायला आलेल्यांना हात जोडायला लावले असतील, पण मी कुणाला जोडले नव्हते. त्याला जोडले. तो टोपी चुरगाळत उभा राहिला आणि म्हणाला, "जसं लिहिलंय तसंच सांगता येतं, काका. उरकता येत नाही."

मी त्याला तिथंच धक्का मारून पायरीवरून खाली ढकलला नाही, एवढंच.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सरदार सातव्या नदीवर आला. पलीकडं त्याचं घर दिसतंय, धुराड्यातून धूर निघतोय, म्हणजे बायको घरात आहे. आणि याच्याजवळच्या सगळ्या गोष्टी संपलेल्या. नावाडी म्हणाला, तुझी स्वतःची सांग. सरदारानं एक पाय नावेत ठेवला. तोंड उघडलं. झाकण बंद. हा उठला, काकूंना नमस्कार केला आणि गेला.

गुरुवारी सकाळी ती गेली.

शुक्रवारी दुपारी ठरल्या वेळेला हा पेटी घेऊन आला. त्याला कुणी कळवलं नव्हतं की काय, की कळूनही आला, मला ठाऊक नाही. घरात माणसं जमली होती. मी दारात जाऊन सांगितलं की तुझी गिरणी घेऊन चालता हो. त्यानंतर हिवाळाभर मी त्याचं तोंड बघितलं नाही. समोरून आला तर मी बर्फातून पलीकडच्या बाजूला जायचो. मरणाऱ्या बाईला दोन वाक्यं जास्त सांगायला याला जड झालं, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. एखादा थापाड्या असता तरी बरं. थापाड्यानं सरदाराला घरी पोचवला असता, बायकोच्या हातचं जेवू घातलं असतं, आणि ती समाधानानं गेली असती.

एप्रिलमध्ये मुलानं फोनवर एक चित्र दाखवलं. रविवारी दुपारी तीन वाजता, गावातल्या चर्चमध्ये, जुन्या काळच्या संगीताचा कार्यक्रम, आणि सात नद्यांची गोष्ट. मुलाला वाटलं मी भडकेन. मी म्हटलं, मला घेऊन चल. मला त्या माणसाचं काही नको होतं, मला शेवट हवा होता. तिला मिळाला नाही तो निदान मी ऐकून ठेवावा. मी वर गेल्यावर ती पहिलं तेच विचारणार, आणि मी काय सांगू, झाकण बंद झालं?

कार्यक्रम कसा होता ते विचारू नका. तिघंजण. एक बाई लाकडी बासरी घेऊन, एक दाढीवाला गोणीएवढा माणूस डफासारखं काहीतरी घेऊन, आणि मध्ये हा. अंगात टॉवेलाच्या कापडाचा झगा आणि पायात लेंग्याऐवजी बायकांसारखे घट्ट मोजे. चर्चवाल्यांनी खरी मेणबत्ती लावू दिली नाही म्हणून बॅटरीच्या लावल्या होत्या, त्यांच्याकडं तो असा बघत होता की जणू पानात उंदीर वाढलाय. समोर चाळीसेक माणसं, बहुतेक अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या, शिंकसुद्धा परवानगी काढून देतील असे गप्प. गाणं जुन्या फ्रेंचमध्ये, गोष्ट इंग्रजीत. मला दोन्हीतलं ओ की ठो कळत नाही.

पण घोड्याची धून लागली आणि मला कळलं की सरदार निघाला. नदीची धून, नदी आली. मग तो घुमणारा सूर, नावाडी बोलतोय. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हूं.

त्या शांततेत ते केवढं मोठं वाजलं. पुढच्या खुर्चीतली म्हातारी वळली. मुलानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हटलं, बाबा, प्लीज. मी तोंड दाबून बसलो. परत सूर आला, परत हूं. तीन महिने पडलेली सवय, ती काय चर्च बघून थांबते? तिसऱ्यांदा त्यानं मान वर केली, मला शोधलं, आणि पुढं बोललाच नाही. चाक फिरवत राहिला. बाईनं बासरी ओठाला लावून तशीच धरली. मी दिला हुंकार, तेव्हा पुढं सरकला. मग तासभर तसंच. चाळीस माणसांसमोर तो वाक्य टाकायचा, थांबायचा, मी हूं म्हणायचो. मी काही त्याच्यासाठी म्हणत नव्हतो.

सातवी नदी आली. पलीकडचा धूर आला, त्याला बासरी होती. नावेत एक पाय आला. चाक थांबलं, आणि त्यानं झाकण लावलं.

लोक टाळ्या वाजवायला लागले. काही उभे राहिले. मला वाटलं मध्यंतर असेल. तिघं वाकून नमस्कार करायला लागले तेव्हा मला समजलं की संपलं. मी उठलो आणि मराठीत ओरडलो, "पुढं?"

टाळ्या विरल्या. तो तिथूनच म्हणाला, "पुढचं पान नाही, काका. फाटलंय."

"कुणी फाडलं?"

"ते कुणालाच माहीत नाही. कित्येकशे वर्षांपूर्वीच."

"हे तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मरणाऱ्या बाईला तू शेवट नसलेली गोष्ट सांगत बसलास?"

मुलगा माझा हात ओढत होता. तो पायऱ्या उतरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, त्या झग्यात, त्या मोज्यांत. म्हणाला, "काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्याकडं तीन गोष्टी होत्या. दोन पूर्ण होत्या. काकूंनी ही मागून घेतली."

मी म्हटलं, का?

तो एकेक शब्द ठेवावा तसं बोलला, तिच्याच बोलण्यात. "म्हणाल्या, हे दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत बसतात. पुढं काय होणार ते त्यांना ठाऊक आहे म्हणून बघतात. त्यांना असं काहीतरी दे, ज्याचं पुढचं त्यांना ठाऊक नसेल." मग म्हणाला, "तुम्हाला सांगायचं नाही असं वचन घेतलं होतं."

"मग आता कशाला सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत. मला खोटं सांगता येत नाही."

मी खाली बसलो. त्या अमेरिकन लोकांना वाटलं की हासुद्धा कार्यक्रमाचाच भाग होता. त्यांनी परत टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जोरात.

मुलगा गाडीत बसला, पण गाडी सुरू करेना. त्यानंही सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मी खिडकीतून बघत होतो, तो माणूस चर्चच्या मागच्या दारातून पेटी छातीशी धरून आपल्या गाडीकडं चालला होता, मोज्यांना गवत चिकटलेलं.

तीन महिने मी समजत होतो की गोष्ट तिच्यासाठी चाललीय आणि मी तिच्या वतीनं हूं म्हणतोय. खोलीत आम्ही तिघं होतो आणि ती गोष्ट कुणासाठी आहे हे मला एकट्याला ठाऊक नव्हतं.

हल्ली तो दिसला की मी रस्ता बदलत नाही. मान हलवतो, त्याहून जास्त नाही. तो खुळाच आहे, माझं मत बदललेलं नाही. मला राग येतो तो आता दुसऱ्या गोष्टीचा. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिनं जे शेवटचं मागितलं ते माझ्याकडं नाही, त्याच्याकडं मागितलं. आणि बरोबर माणसाकडं मागितलं. माझ्यापुढं तीन गोष्टी ठेवल्या असत्या तर मी पूर्ण असलेल्या दोन्ही घेतल्या असत्या, त्याला घाई करून ऑक्टोबरातच संपवून टाकल्या असत्या, आणि मग खुर्ची ओढून पुन्हा तिच्या तोंडाकडं बघत बसलो असतो.